स्मृतिभ्रंशातील व्यवसायोपचार

स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीला दैनंदिन कामे शक्य तितका काळ स्वतः करता यावीत, यासाठी व्यवसायोपचार दिला जातो. येथे ‘व्यवसाय’ हा शब्द केवळ नोकरी-धंद्यापुरता मर्यादित नसून आंघोळ, जेवण, स्वयंपाक, छंद अशी दिवस व्यापणारी सर्व कामे त्यात येतात. या उपचाराने मूळ आजार बरा होत नाही. काम आणि घर यांची मांडणी व्यक्तीच्या उरलेल्या क्षमतेशी जुळवून घेणे, हे त्याचे सूत्र आहे.

दैनंदिन कौशल्यांवरील परिणाम

पैशांचे व्यवहार, औषधे वेळेवर घेणे, खरेदी व स्वयंपाक ही गुंतागुंतीची कामे सहसा आधी अवघड होतात. कपडे घालणे, शौच, जेवण यांत नंतर अडचणी येतात. अनेकदा हातापायांत बळ असते, पण कामाचा क्रम लागत नाही. अल्झायमर आजारात अलीकडच्या घटनांची स्मृती लवकर क्षीण होते. मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेल्या कृती तुलनेने अधिक काळ टिकतात. व्यवसायोपचार या टिकलेल्या क्षमतेचा आधार घेतो.

मूल्यमापन

उपचारतज्ज्ञ व्यक्तीच्या सवयी व आवडी जाणून घेतो आणि शक्य असल्यास तिला घरीच काम करताना पाहतो. १९६३ साली प्रसिद्ध झालेला कॅट्झ निर्देशांक आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवण या सहा बाबी तपासतो. गुंतागुंतीच्या कामांसाठी लॉटन व ब्रॉडी यांची १९६९ मधील मापनश्रेणी वापरतात.

पद्धती

* कामाचे टप्पे पाडणे : कपडे घालायच्या क्रमाने मांडून ठेवणे, एका वेळी एकच सूचना देणे.
* बेताची मदत : आधी शब्दाने, मग खुणेने व शेवटी हाताला धरून मदत करणे.
* घरातील बदल : शौचालयाच्या दारावर चित्र लावणे, न्हाणीघरात आधारदांडी बसवणे, अन्नाहून वेगळ्या रंगाचे ताट वापरणे.
* काळजीवाहकाचे प्रशिक्षण : वेळ वाचावा म्हणून किंवा मायेपोटी घरचे लोक सर्वच कामे करू लागले, तर आजाराने न हिरावलेली कौशल्येही सरावाअभावी लोपतात. म्हणून कुठे थांबावे आणि कुठे हात द्यावा, हे त्यांना शिकवले जाते.

परिणामकारकता

नेदरलँड्समध्ये मॉड ग्राफ व सहकाऱ्यांनी १३५ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पाच आठवड्यांत घरी घेतलेल्या दहा सत्रांनंतर रुग्णांची दैनंदिन कार्यक्षमता सुधारली आणि तीन महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता. याच पद्धतीच्या जर्मनी व ब्रिटनमधील चाचण्यांत मात्र तसा लाभ आढळला नाही. त्यामुळे एका देशातील निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू होईल असे म्हणता येत नाही.

भारतात

भारतातील व्यवसायोपचार शिक्षणाचा प्रारंभ १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने झाला. भारतात स्मृतिभ्रंशाच्या बहुसंख्य रुग्णांची काळजी कुटुंबातच घेतली जाते. त्यामुळे येथे काळजीवाहकाच्या प्रशिक्षणाला विशेष महत्त्व आहे.