खेचराच्या शिंगराची कावीळ

गाढव व घोडी यांच्या संकरातून खेचर जन्मास येते. ओझे वाहण्याच्या कामी हे जनावर अत्यंत चिवट होय. परंतु कधी कधी जन्मतः धडधाकट असलेले शिंगरू आईला पिऊ लागते आणि दोन-तीन दिवसांतच मलूल होते. श्वास जोराने चालतो, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी तांबूस होते आणि उपचार न झाल्यास शिंगरू दगावते. हा दृष्टीचा दोष नव्हे. याचे कारण रक्तात आहे.

रक्तातील तांबड्या पेशींच्या आवरणावर प्रथिने व शर्करा यांच्या अनेक खुणा असतात. त्यांपैकी काही जातिपरत्वे भिन्न असतात. परके रक्त शरीरात शिरले की अनोळखी खुणांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. ज्या पेशींवर ती खूण असेल त्यांनाच ती चिकटतात व त्यांच्या गुठळ्या करतात. यामुळे दोन जातींच्या पेशींची तुलना करण्यास प्रतिद्रव्ये हे उत्तम साधन ठरले. 1924 साली कार्ल लँडस्टायनर व व्हॅन डर शीर या संशोधकांनी घोडा, गाढव व खेचर यांच्या पेशी या रीतीने तपासल्या. खेचराच्या पेशींवर घोडा व गाढव या दोहोंच्या खास खुणा आढळल्या. गाढवाची अशीच एक खूण गाढवांत व खेचरांत असते, घोड्यांत नसते, हेही पुढे दिसून आले.

येथेच रोगाचे मूळ आहे. खेचर वितेवेळी शिंगराचे थोडे रक्त घोडीच्या रक्तात मिसळू शकते व तिच्या शरीरात गाढवाच्या खुणेविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. म्हणून पहिले खेचर बहुधा सुखरूप राहते, धोका पुढच्या खेपेस असतो. ही प्रतिद्रव्ये वारेतून गर्भात जात नाहीत. ती चिकात उतरतात. नवजात शिंगराचे आतडे पहिल्या दिवसात ती जशीच्या तशी शोषून घेते आणि जो चीक एरवी अमृत, तोच शिंगराच्या पेशींचा नाश करतो.

पुढील दक्षता घ्यावी:

1. सारंगखेड्यासारख्या बाजारात घोडी घेताना तिला पूर्वी खेचर झाले होते काय, हे विचारावे.

2. विण्याच्या दोन ते चार आठवडे आधी पशुवैद्यकाकडून घोडीच्या रक्तजलाची गाढवाच्या पेशींशी तपासणी करून घ्यावी.

3. दोष आढळल्यास शिंगराच्या तोंडाला दोन दिवस मुसके बांधावे. या काळात घोडीचा चीक वारंवार पिळून फेकून द्यावा. शिंगरास कधीही खेचर न झालेल्या दुसऱ्या घोडीचा चीक बाटलीने पाजावा. त्याशिवाय इतर रोगांपासून त्याचे रक्षण होत नाही.

4. कावीळ दिसताच दूध तोडून पशुवैद्यकास बोलवावे. रक्त देण्याची वेळ आल्यास गाढवाचे वा खेचराचे रक्त कदापि देऊ नये.

ग्रामसेवकांनी आपल्या गावातील घोडीपालकांना हे आधीच समजावून द्यावे. कारण शिंगरू एकदा चीक प्याले की वेळ हातची जाते.