शिलकी रायफलींचा बाजार

एन.सी.सी.च्या शिबिरात मी पहिल्यांदा .२२ रायफल चालवली, तेव्हा हवालदारसाहेबांनी रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतल्या. एक कमी भरली, तर आम्ही साऱ्या मुली गवतात वाकून ती शोधत बसलो. म्हणूनच अमेरिकेत लष्कराची जुनी रायफल साधा नागरिक विकत घेतो, हे वाचून मला नवल वाटले. तेथे "साठा संपण्यापूर्वी घ्या" अशी हाकही नेहमी ऐकू येते. ती कितपत खरी?

अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो, की भाव चढला की पुरवठा वाढतो. येथे हा नियम चालत नाही, कारण जुनी लष्करी रायफल आता कोणी नव्याने घडवीत नाही. जॉन गॅरंड यांची एम-१ रायफल अमेरिकन सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारली. अशा सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. काही मोडीत गेल्या, काही मित्रराष्ट्रांना दिल्या गेल्या. उरलेल्यांची विक्री १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेली एक संस्था नेमबाजीच्या प्रसारासाठी करते. फिलिपिन्ससारख्या देशांतून काही परत आल्या, तेवढीच भर.

दुसरे उदाहरण रशियाच्या मोसिन-नागांतचे. १८९१ ची ही रायफल कोट्यवधींनी बनली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामे उघडली आणि ग्रीझमध्ये माखलेल्या रायफली अमेरिकेत शंभर डॉलरांच्या आत मिळू लागल्या. "या कधी संपणार?" असे लोक म्हणत. पण आयातीचा ओघ आटला, निर्बंध आले आणि भाव कितीतरी पटींनी वाढले. म्हणजे साठा गोदामात संपतो, तसा कायद्यानेही संपतो.

याचे मोठे कारण १९६३ मध्ये घडले. शिकागोच्या एका दुकानातून टपालाने, खोट्या नावाने, दुर्बिणीसह १९.९५ डॉलरला मागवलेल्या इटालियन लष्करी रायफलीने अध्यक्ष केनेडींचा बळी घेतला. १९६८ च्या कायद्याने अशी टपालविक्री आणि शिलकी लष्करी शस्त्रांची आयात बंद झाली. पुढे १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरती आयात पुन्हा खुली झाली. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातील रायफलीही तेथील संग्राहकांकडे पोहोचल्या आहेत. आपल्याकडे मात्र .३०३ रायफल सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही.

जाणकार ग्राहक घाई करीत नाही. नळी आतून झिजली आहे का, गंज आहे का, भागांवरचे क्रमांक जुळतात का, हे तो आधी पाहतो.

हे लिहिताना मला वडील आठवले. एका वर्षी "खत संपणार" अशी आवई उठली. वडिलांनी उसनवारी करून चार पोती जास्त घेतली. पंधरा दिवसांत दुकानात खत आले. उसने मात्र दिवाळीपर्यंत फिटले नाही. खत पुन्हा बनते, जुनी रायफल बनत नाही, एवढा फरक खरा. परंतु हाक ऐकून धावणारे मन दोन्हीकडे एकच. वस्तू खरोखर संपते आहे का, हा पहिला प्रश्न. ती आपल्याला हवी आहे का, हा दुसरा. आणि शस्त्राच्या बाबतीत तिसराही विचारावाच लागतो: ते उद्या कोणाच्या हाती जाईल? आमच्या हवालदारसाहेबांनी ती एक पुंगळी मिळेपर्यंत आम्हांला का सोडले नाही, हे मला आता कळते.