पाचशे रुपयांचं काय करावं?

गुंतवणुकीवरचं भाषण आहे म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की हे काही आपल्यासाठी नाही. शेअर बाजार, सेन्सेक्स, लाखांचे आकडे! आपल्याकडे महिनाअखेरीला उरतात पाचशे रुपये, फार तर हजार. त्यात कसली आली गुंतवणूक?

आज मी बोलणार आहे ते याच पाचशे रुपयांविषयी. कारण ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याचा एक लाख बुडाला, तर त्याच्याकडे दुसरा असतो. पाचशेवाल्याचे पाच वर्षांचे तीस हजार बुडाले, तर मुलीच्या कॉलेजची फी बुडते. म्हणून थोडे पैसे गुंतवणाऱ्याला माहिती जास्त हवी.

थोडे थोडे पैसे बाजूला टाकणं आपल्याला नवीन नाही. भिशी घ्या. बारा जणी दरमहा पाचशे रुपये काढतात, सहा हजार जमतात, चिठ्ठी निघते आणि एकीला सगळी रक्कम मिळते. यातलं गणित मात्र आपण सहसा मांडत नाही. पहिली चिठ्ठी जिची, तिला बिनव्याजी कर्ज मिळालं. शेवटची चिठ्ठी जिची, तिने बाकीच्या अकरा जणींना वर्षभर बिनव्याजी पैसे वापरायला दिले. शिवाय तिसऱ्या महिन्यात पैसे उचलून कुणी गाव सोडलं, तर दाद मागायला कागदाचा कपटाही नसतो. ओळखीच्या बायकांची भिशी जरूर लावा, तिच्यामुळे मैत्री टिकते आणि मिक्सर येतो. पण तिला गुंतवणूक समजू नका.

दुसरी आपल्या परिचयाची म्हणजे पिग्मी. उडुपीच्या एका बँकेने, म्हणजे पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने, १९२८ साली ही योजना काढली. बँकेचा माणूस रोज दारात यायचा आणि दोन आणे घेऊन जायचा. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आपल्या बाजारपेठांत असा रुळला, की तो कुठून आला हे कुणी विचारतही नाही. या योजनेतलं शहाणपण असं, की पैसे खर्च व्हायच्या आत कुणीतरी येऊन घेऊन जातो. पुढे मी ज्या योजना सांगणार आहे, त्यांच्यातही खरी मेख हीच आहे.

पण पिग्मी भरताना एक प्रश्न विचारायलाच हवा : हे पैसे कुणाकडे जातात? बँकेकडे की पतसंस्थेकडे? बँकेतल्या ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा दर ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपये आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. पतसंस्थेची पाटी कितीही मोठी असो आणि चेअरमन कितीही ओळखीचे असोत, हा फरक विसरू नये. आणि विमा आहे म्हणजे पैसे हवे तेव्हा मिळतील, असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा पहिले काही दिवस खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. घरातले सगळे पैसे एकाच ठिकाणी असले, की काय होतं ते तेव्हा मुंबईकरांनी पाहिलं.

आता पाचशे रुपये हातात घेऊन निघू. सगळ्यात आधी डोक्यावर महाग कर्ज आहे का, ते पाहा. दरमहा तीन टक्क्यांनी घेतलेले पैसे म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. खात्रीने छत्तीस टक्के देणारी गुंतवणूक या देशात नाही. तेव्हा ते कर्ज फेडणं हीच तुमची पहिली गुंतवणूक.

दुसरी गोष्ट विमा. इथे मी लांबण लावत नाही. बँकेतल्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेसाठी वर्षाला वीस रुपये कापले जातात, त्यात दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. जीवन ज्योती योजनेचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, त्यात दोन लाखांचा आयुर्विमा. जून २०२२ पासूनचे हे दर आहेत. जीवन ज्योतीत वयाच्या अठराव्या ते पन्नासाव्या वर्षापर्यंत नाव नोंदवता येतं. घरात कमावणारा एकच असेल, तर बँकेत जाऊन हे फॉर्म आधी भरा.

मग येतं पोस्टाचं आवर्ती खातं, ज्याला आपण आरडी म्हणतो. दरमहा किमान शंभर रुपये, मुदत पाच वर्षं. ऑक्टोबर २०२३ मध्ये याचा व्याजदर ६.७ टक्के झाला. या दराने दरमहा पाचशे भरले, तर तुमचे जातात तीस हजार आणि हातात येतात ३५ हजार ६८३. सरकार दर तिमाहीला दरांचा फेरविचार करतं, म्हणून खातं उघडण्याच्या दिवशी खिडकीवर दर विचारून घ्यावा. बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. आजारपण, शाळेचा प्रवेश, अचानक गेलेली नोकरी, अशा वेळी सावकाराचं दार चुकवायला हे खातं उपयोगी पडतं. तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम अशी जवळ जमेपर्यंत शेअर बाजाराचं नावही काढू नये, असं माझं मत आहे. याला वर्ष-दोन वर्षं लागतील. लागू द्या.

मग पोस्टातच सगळं का ठेवू नये? महागाईमुळे. आपल्या रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टच महागाई चार टक्क्यांच्या आसपास राखण्याचं आहे. वर्षाला चार टक्क्यांनी किंमत वाढली, तर आजची शंभराची वस्तू अठरा वर्षांनी दोनशेला मिळते. सहा-साडेसहा टक्के व्याजातून चार टक्के वजा करा, उरतं ते फार नाही. पाच वर्षांसाठी हे चालतं. वीस वर्षांनंतर लागणाऱ्या पैशांचा काही भाग मात्र वाढत्या उद्योगधंद्यांत असावा, तो म्युच्युअल फंडातून ठेवता येतो.

फंड म्हटलं, की घरातली वडीलधारी माणसं दचकतात, आणि त्याला कारण आहे. युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही योजना १९६४ साली आली, दहा रुपयांचं एक युनिट. पुष्कळ नोकरदारांनी निवृत्तीचे पैसे तिच्यात ठेवले होते. २ जुलै २००१ रोजी युनिट ट्रस्टने सहा महिन्यांसाठी युनिटांची खरेदी-विक्री थांबवल्याचं जाहीर केलं आणि घराघरांत धस्स झालं. दोष कुठे होता? युनिटची किंमत संस्था स्वतः ठरवत होती, तिच्याजवळच्या शेअर्सच्या खऱ्या बाजारभावाशी तिचा मेळ राहिला नव्हता. आज प्रत्येक फंडाला कामकाजाच्या दर दिवशी युनिटचं निव्वळ मालमत्ता मूल्य जाहीर करावं लागतं. त्यामुळे किंमत पडते, पण पडलेली दिसते.

दरमहा ठरावीक रक्कम फंडात टाकणं म्हणजे एसआयपी. बऱ्याच योजनांत पाचशेपासून, काहींत शंभरापासूनही ती सुरू होते. समजा, युनिटचा भाव पहिल्या महिन्यात ५० रुपये आहे. पाचशेत दहा युनिटं आली. पुढे भाव ४० झाला, साडेबारा आली. मग २५ झाला, वीस आली. चौथ्या महिन्यात पुन्हा ४०, साडेबारा. दोन हजार रुपयांत ५५ युनिटं झाली आणि चाळीसच्या भावाने त्यांची किंमत २२०० होते. भाव सुरुवातीपेक्षा खालीच आहे, तरी तोटा नाही, कारण स्वस्त असताना जास्त माल घेतला गेला. गृहिणी तूरडाळीच्या बाबतीत हेच करते. पण भाव २५ वरच बसून राहिला असता, तर या युक्तीचा काही उपयोग नव्हता. म्हणून एखाद्या उद्योगावर बेतलेल्या फंडापेक्षा निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांत पैसे विभागणारा साधा इंडेक्स फंड सुरुवातीला बरा.

त्यातही योजनेचा ‘डायरेक्ट’ प्रकार घेतला, तर मध्यस्थाचं कमिशन वाचतं. २०१३ पासून ही सोय आहे. एक टक्का म्हणजे किती, असं वाटेल. पाचशे रुपये वीस वर्षं भरले आणि वर्षाला दहा टक्के वाढ धरली, तर सुमारे ३ लाख ८० हजार होतात. अकरा टक्के धरली, तर सुमारे ४ लाख ३३ हजार. ही वाढ मी फक्त हिशेबासाठी धरली आहे, तिची हमी कुणी देत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांच्या घरात होता, ऑक्टोबरअखेरीस तो नऊ हजारांच्या खाली गेला होता. असं पुन्हा होईल. त्या वेळी हप्ता बंद न करण्याइतकी उसंत असेल, तरच या वाटेला जावं.

फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या वाटेला मात्र अजिबात नको. थोड्या पैशांत मोठा सौदा होतो, म्हणून तरुण मुलं तिकडे वळतात. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे सौदे करणाऱ्या एक कोटींहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला.

सराफांच्या मासिक सोने योजनांविषयीही विचारलं जातं. अकरा हप्ते तुमचे, बारावा दुकानाचा. २०१९ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीत एका सराफाने दुकानाला कुलूप लावलं, तेव्हा हप्ते भरणाऱ्यांच्या रांगा पोलीस चौकीवर लागल्या. आणि दर आठवड्याला परतावा देतो म्हणणाऱ्यांचं काय होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये दादरला दिसलं. पैसे मागणारी संस्था ठेवी घ्यायला अधिकृत आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहता येतं, तक्रारही तिथेच करता येते. घरातल्या मुलांना सांगा, दोन मिनिटांत पाहून देतील.

खातं कुठलंही उघडा, फॉर्मवरचा वारसदाराचा रकाना त्याच वेळी भरा, आणि पासबुक कुठे ठेवलं आहे ते घरात दुसऱ्या एकाला तरी माहीत असू द्या.