यंत्र शाबूत आहे; फिल्मचे काय?

‘पेंटॅक्स के-१०००’ हा जपानी कॅमेरा १९७६ साली बाजारात आला आणि १९९७ पर्यंत जवळजवळ त्याच रूपात विकला गेला. तीस लाखांहून अधिक नग खपले. मालाचे रूप वरचेवर पालटल्यावाचून तो खपत नाही, या व्यापारी समजुतीला हा मोठाच अपवाद म्हटला पाहिजे. त्यात दिखाऊ असे काहीच नव्हते. शटर काय किंवा फिल्म पुढे ओढणारी तरफ काय, सारे चक्रांवर आणि स्प्रिंगांवर चाले. गुंडीएवढा सेल लागे तो केवळ प्रकाशमापकापुरता. तो संपला तरी कॅमेरा अडत नसे. मापक बंद करण्याचे बटणही नव्हते. लेन्सवर झाकण घालणे हाच सेल वाचविण्याचा उपाय! अमेरिकेत छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती वर्षानुवर्षे हाच कॅमेरा दिला जाई.

अशा यंत्रावर चाळीस-चाळीस वर्षे जीव लावून बसलेल्यांना स्मरणरंजनात रमलेले म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु त्यांच्या लोभात व्यवहारही आहे. जे उघडून दुरुस्त करता येते त्यावरच माणसाची मालकी पुरती चालते. शिवाय डिजिटल कॅमेऱ्यात पुढच्या चित्राचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. रोलमधील छत्तीस चित्रांपैकी प्रत्येकाला पैसे पडतात. साहजिकच बोट दाबण्यापूर्वी डोळा अधिक काम करतो.

मात्र ही मालकी वाटते तितकी स्वतंत्र नाही. फिल्म ही कॅमेऱ्याची पूरक वस्तू, आणि ती घरी करता येत नाही. तिला मोठा कारखाना व त्याला पुरेल एवढे गिऱ्हाईक लागते. कोडॅकने ‘कोडाक्रोम’चे उत्पादन २००९ मध्ये थांबविले. ती धुण्याची प्रक्रिया इतकी किचकट की, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स येथील अखेरच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे बंद करताच, कोणाच्या कपाटात राहिलेल्या रोलमधील रंग कायमचे गेले. कॅमेरे मात्र ठणठणीत होते. उलट, २००४ साली डबघाईला आलेली इल्फर्डची कृष्णधवल फिल्म तिच्याच व्यवस्थापकांनी धंदा विकत घेतल्यामुळे वाचली. इंग्लंडमधील मोबर्ली येथे ती आजही तयार होते. म्हणजे एकाच्या कपाटातील कॅमेरा चालू राहतो तो कधीही न भेटलेल्या हजारो हौशी लोकांच्या खरेदीमुळे. अलीकडे तरुण मंडळी फिल्मकडे वळली, त्यामुळे भाव चढले म्हणून जुन्या हौशींनी कुरकुर केली. ती कुरकुर अनाठायी होय.

खरी अडचण कसबाची आहे. २०२४ साली ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा निघाला. त्यातील हाताने ओढायच्या तरफेसारखे भाग जुळविताना कंपनीला आपल्या निवृत्त अभियंत्यांचे मार्गदर्शन घ्यावे लागले. कंपनीला निदान बोलावण्याजोगी माणसे सापडली. गल्लीतील दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करायला मात्र कोणी आलेले नाही, आणि के-१००० चे शटर अडले की ते त्याच दुकानात न्यावे लागते.