ब्लॉकचेनला मासा दिसत नाही

‘क्यूआर कोड टिपला, ट्यूनाचा प्रवास पडद्यावर दिसला, म्हणजे मासळी अस्सल.’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. ब्लॉकचेनला मासा दिसत नाही, माशाची नोंद दिसते. या नोंदीच्या प्रती अनेकांकडे असल्याने मागाहून गुपचूप खाडाखोड करणं जवळपास अशक्य. पण मुळातच खोटं भरलं असेल, तर ते खोटंही तितकंच पक्कं होऊन बसतं.

फिजीत 2018 साली डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने सी क्वेस्ट फिजी या मासेमारी कंपनीबरोबर केलेला ब्लॉकचेनचा प्रयोगच घ्या. मासा बोटीवर आला की त्याला रेडिओ लहरींनी वाचता येणारा आरएफआयडी टॅग लावायचा. पुढे धक्क्यावर आणि कारखान्यात यंत्रं तो टॅग आपोआप वाचणार. मासा कापून पॅक झाला की टॅगच्या जागी क्यूआर कोड. योजना चोख. पण टॅग लावणार खलाशी, आणि मासा कुठे गळाला लागला हेही बोटीवरूनच कळणार. दुसरी नाजूक जागा कापणीचं टेबल. तिथे दोन माशांचे तुकडे एकत्र झाले, की कोणता कुठल्या बोटीचा हे कोड सांगू शकत नाही. त्यासाठी आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन ताडून पाहणारा माणूसच लागतो.

‘लेबलची फसवणूक तरी थांबेल ना?’ अर्धवट. ओशियाना या संस्थेने 2010 ते 2012 मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून आणि हॉटेलांतून घेतलेल्या 1,215 नमुन्यांची डीएनए तपासणी केली. 33 टक्के नमुन्यांवरचं लेबल चुकीचं निघालं. रेड स्नॅपर म्हणून विकलेल्या 120 नमुन्यांत खरे फक्त 7! यातली अदलाबदल हॉटेलच्या स्वयंपाकघरात झाली असेल, तर गोदामापर्यंतची नोंद कितीही निर्मळ असो, ताटातला मासा वेगळाच. तिथे डीएनएच बोलतं. अर्थात, डीएनए जात सांगतं, बोट नाही.

‘ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइन, भरमसाट वीज खाणार.’ सगळ्या ब्लॉकचेन तशा चालत नाहीत. इथेरियम या ब्लॉकचेननेही सप्टेंबर 2022 मध्ये ती वीजखाऊ पद्धत सोडली.

‘गरीब मच्छीमाराला हे झेपणार नाही.’ इंडोनेशियात 2016 साली प्रोव्हेनन्स या कंपनीच्या प्रयोगात मच्छीमार साध्या एसएमएसने नोंद करत होते. फोनची अडचण नाही. या खटाटोपाचे चार पैसे त्यांच्या हाती पडतात का, हे विचारायला हवं.

आणि ‘आता सरकारी कागद नकोत’ हे तर साफ चूक. युरोपीय संघ 2010 पासून आयात होणाऱ्या समुद्री मासळीसाठी पकड-प्रमाणपत्र मागतो. भारतातून तिकडे जाणाऱ्या समुद्री मासळीलाही ते लागतं, ब्लॉकचेन असो वा नसो.