बॅटरी आणि इन्व्हर्टर यांची जोडणी

बारा व्होल्टांच्या बॅटरीस कोरडा हात लागला तरी धक्का बसत नाहीं, आणि याच अभयामुळें मनुष्य फसतो. येथें भय दाबाचें नसून प्रवाहाचें आहे. ६०० वॉटचा भार घरच्या २३० व्होल्टांवर सुमारें २.६ अँपिअर घेतो. तोच इन्व्हर्टरवर घातला कीं बॅटरींतून ५० अँपिअरांहून अधिक प्रवाह निघतो. पंख्याची बारीक तार येथें तापून तिचें वेष्टण वितळेल. तांब्याची जाड, शक्य तितकी आंखूड तार घ्यावी. (विक्रेता फुकट देतो ती आधीं निरखून पाहावी!) फ्यूज बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतरावर असावा, तो इन्व्हर्टरपाशीं बसविल्यास मधल्या तारेला राखणदार उरत नाहीं.

जोडतांना इन्व्हर्टर बंद, खिडकी उघडी आणि बोटांतील आंगठी काढलेली असावी. पाना दोन्ही टोंकांस एकदम टेकला, तर क्षणांत तापून लाल होतो. तांबडी तार धनास, काळी ऋणास. उलट झाल्यास इन्व्हर्टर निकामी. शेवटच्या जोडणीस ठिणगी उडते, आणि भरतांना ओली बॅटरी हायड्रोजन वायु सोडते. म्हणून भरणें थांबून कांहीं वेळ गेल्यावरच हें करावें. मग अर्धा तास भार चालवून जोडाजवळच्या वेष्टणास हात लावावा. कोमट असल्यास चिंता नाहीं. चटका बसल्यास सर्व बंद करून जोड नव्यानें घट्ट आवळावा.