विश्लेषण : ‘मास इफेक्ट’च्या शेवटावरचा वाद अजून का मिटत नाही?

मार्च २०१२मध्ये कॅनडातील एडमंटन शहरात ‘बायोवेअर’ या व्हिडीओ गेम कंपनीच्या कार्यालयात सुमारे ४०० कपकेक येऊन पोहोचले. पाठवणारे होते कंपनीच्याच ‘मास इफेक्ट’ या विज्ञानकथा मालिकेचे चाहते. कपकेकवरचे आयसिंग लाल, निळे आणि हिरवे अशा तीन रंगांचे होते. चव मात्र सगळ्यांची एकच. मालिकेच्या तिसऱ्या भागाचा शेवटही असाच आहे, रंग तीन पण आत सगळे सारखेच, असे चाहत्यांना सुचवायचे होते. कंपनीने हे कपकेक तरुणांच्या निवारागृहाला देऊन टाकले. वाद मात्र संपला नाही. मालिकेचा पुढचा भाग तयार होत असताना तोच प्रश्न पुन्हा समोर उभा आहे. काय आहे ही कथा आणि तिचा शेवट इतका महत्त्वाचा का ठरला?

मालिकेची सुरुवात कशी झाली?

‘मास इफेक्ट’चा पहिला भाग नोव्हेंबर २००७मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’वर आला. दुसरा भाग जानेवारी २०१०मध्ये आणि तिसरा मार्च २०१२मध्ये आला. या तिन्ही भागांचे दिग्दर्शन केसी हडसन यांचे होते. पहिल्या भागाचे मुख्य लेखक होते ड्रू कार्पिशिन. तिसऱ्या भागापर्यंत ही जबाबदारी मॅक वॉल्टर्स यांच्याकडे आली होती.

मालिकेला नाव मिळाले ते एका काल्पनिक मूलद्रव्यावरून. या मूलद्रव्यातून वीजप्रवाह सोडला की आसपासच्या वस्तूंचे वस्तुमान कमी-जास्त करता येते. वस्तुमान घटवले की अवकाशयान प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकते, अशी ही कल्पना. आकाशगंगेत ठिकठिकाणी ‘मास रिले’ नावाची प्रचंड यंत्रे आहेत. एका रिलेतून शिरलेले यान क्षणात हजारो प्रकाशवर्षे दूरच्या दुसऱ्या रिलेपाशी निघते. कथेत मानवाला २१४८मध्ये मंगळावर एका लुप्त संस्कृतीचे अवशेष सापडतात. त्यावरून प्लूटोचा चंद्र मानला गेलेला शॅरॉन हा बर्फाने वेढलेला रिलेच असल्याचे उघड होते. माणूस आकाशगंगेत पाऊल टाकतो, तेव्हा तिथे अनेक प्रजाती आधीच नांदत असतात. त्यांचे राजकारण ‘सिटाडेल’ या महाकाय अवकाशस्थानकावरून चालते.

मूळ कथा काय आहे?

कथा सुरू होते २१८३मध्ये. नायक आहे कमांडर शेपर्ड. तो पुरुष असावा की स्त्री, हे खेळाडू ठरवतो. सॅरेन नावाचा फितूर झालेला हेर ‘गेथ’ या यंत्रमानवांची फौज घेऊन मानवी वसाहतीवर हल्ला करतो. त्याचा पाठलाग करताना शेपर्डला कळते की, सॅरेन ज्या यानातून फिरतो ते यान नाहीच. तो एक सजीव यंत्र आहे, ‘रीपर’.

इथून कथेचा खरा पट उलगडतो. रीपर दर ५० हजार वर्षांनी आकाशगंगेबाहेरच्या अंधारातून येतात, प्रगत संस्कृतींची कापणी करतात आणि निघून जातात. मास रिले आणि सिटाडेल त्यांनीच बांधून ठेवलेले असतात. प्रत्येक नव्या संस्कृतीला ही आयती यंत्रे सापडतात, ती त्यांच्याच आधाराने वाढते आणि नकळत रीपरांनी आखलेल्या वाटेने जाते. ज्या सिटाडेलवर सगळे सत्ताधारी बसलेले असतात, तेच आक्रमणाचे दार असते. आपण ज्याला प्रगती समजतो ती कुणीतरी लावलेल्या सापळ्यातली वाटचाल असू शकते, ही या कथेतली सर्वात ताकदीची कल्पना.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच शेपर्डचा मृत्यू होतो. ‘सर्बेरस’ ही मानवी वर्चस्ववादी संघटना दोन वर्षे खपून त्याला जिवंत करते आणि परत येण्याची खात्री नसलेल्या मोहिमेवर पाठवते. सोबत्यांचा विश्वास कमावला नाही किंवा चुकीच्या माणसाला चुकीचे काम दिले, तर या मोहिमेत ते एकेक करून मरतात. अगदी शेपर्डही मरू शकतो. तिसऱ्या भागात २१८६मध्ये रीपर पृथ्वीवर उतरतात आणि एकमेकांच्या वैरी असलेल्या प्रजातींना एकत्र आणण्याचे काम शेपर्डवर येते.

ही मालिका इतर खेळांपेक्षा वेगळी कशी ठरली?

पहिल्या भागात घेतलेले निर्णय सेव्ह फाइलमधून दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात सोबत येतात. २००७मध्ये केलेल्या कृतीचा हिशेब २०१२मध्ये द्यावा लागतो.

क्रोगन या लढाऊ प्रजातीचे उदाहरण घ्या. त्यांचा उठाव मोडण्यासाठी सॅलेरियन शास्त्रज्ञांनी एक जैविक अस्त्र तयार केले आणि ट्युरियनांनी ते वापरले. परिणामी क्रोगनांच्या हजारात जेमतेम एखादे मूल जिवंत जन्मते. पहिल्या भागात शेपर्डचा क्रोगन सोबती रेक्स याच प्रश्नावरून त्याच्यावर बंदूक रोखतो. त्याची समजूत काढता आली नाही, तर तो तिथेच मारला जातो. दुसऱ्या भागात या रोगावरच्या संशोधनाची माहिती जपायची की नष्ट करायची, हा प्रश्न येतो. तिसऱ्या भागात उपचार तयार असतो आणि तो पसरवण्यासाठी मॉर्डिन हा सॅलेरियन शास्त्रज्ञ जीव द्यायला निघतो. आपल्याच हातून झालेल्या चुकीचे त्याला परिमार्जन करायचे असते.

रेक्स जिवंत असेल तर क्रोगनांचे नेतृत्व शहाण्या हातात आहे. नसेल तर त्याचा सूडबुद्धीचा भाऊ सत्तेवर असतो आणि उपचार द्यावा की नाही, हाच प्रश्न अवघड होऊन बसतो. उपचाराचे नाटक करून क्रोगनांना फसवताही येते. पण रेक्स जिवंत असेल, तर तो पुढे जाब विचारायला येतो. अशा प्रसंगांमुळेच खेळाडू या कथेला ‘माझी’ म्हणू लागले.

मग शेवटावरून वाद का पेटला?

तिसऱ्या भागाच्या अखेरीस शेपर्ड जखमी अवस्थेत सिटाडेलवर पोहोचतो. तिथे लहान मुलाच्या रूपात एक कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्यापुढे येते. रीपर चालवणारी तीच. तिचे म्हणणे असे : सजीव यंत्रे घडवतात, यंत्रे उलटतात आणि शेवटी सजीवांचा समूळ नाश होतो. तो टाळण्यासाठी प्रगत संस्कृतींची वेळीच कापणी करावी लागते. आता शेपर्डपुढे तीन पर्याय आहेत. रीपरांचा विनाश, रीपरांवर ताबा किंवा सजीव आणि यंत्रे यांचा संगम. विनाश निवडला तर गेथसह सर्व कृत्रिम जीव नष्ट होतात. ताबा किंवा संगम निवडला तर शेपर्ड स्वतः संपतो.

मूळ आवृत्तीत या तीन पर्यायांची चित्रे जवळपास सारखी होती, फरक मुख्यतः स्फोटाच्या रंगाचा. रेक्सचे पुढे काय झाले, सोबती कुठे गेले, क्रोगन जगले का, याचे उत्तर मिळत नव्हते. त्यात सगळे मास रिले फुटताना दाखवले होते. रिले फुटला की अख्खी ग्रहमाला नष्ट होते, हे दुसऱ्या भागाच्या एका जोडकथेत आधीच सांगितले होते. मग शेपर्डने वाचवले तरी कुणाला, असा प्रश्न चाहत्यांना पडला. हा शेवट ‘अ, ब, क’पैकी एक निवडण्यासारखा नसेल, असे हडसन यांनी खेळ येण्यापूर्वी मुलाखतीत सांगितले होते. त्यामुळे राग आणखी वाढला.

कथेच्या तर्कात खोट कुठे होती?

रंगांपेक्षा गंभीर आक्षेप वेगळाच होता. गेथ हे मुळात क्वेरियन प्रजातीने घडवलेले कामकरी यंत्रमानव. सुमारे ३०० वर्षांपूर्वी ते स्वतःच्या अस्तित्वाबद्दल प्रश्न विचारू लागले, तेव्हा घाबरलेल्या क्वेरियनांनी त्यांना बंद करण्याचा प्रयत्न केला. युद्ध झाले आणि क्वेरियनांनाच आपला ग्रह सोडून पळावे लागले. म्हणजे पहिला वार निर्मात्यांचा होता, यंत्रांचा नव्हे.

तिसऱ्या भागात आधीचे निर्णय जुळून आले असतील, तर शेपर्ड या दोघांत समेट घडवतो. गेथ आपल्या जुन्या मालकांना घरी परतण्यास मदत करतात. हा मालिकेतल्या सर्वात हृद्य प्रसंगांपैकी एक. आणि त्यानंतर काही तासांच्या खेळातच ती कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते की, सजीव आणि यंत्रे एकत्र नांदूच शकत नाहीत. आपण नुकताच समेट घडवून आणला, हे तिला सुनावण्याची सोय शेपर्डला नाही. ज्याने कष्टाने शांतता मिळवली, त्याला विनाशाचा पर्याय घेताना त्याच गेथांचा बळी द्यावा लागतो. खेळाडूंचा संताप ‘शेवट दुःखी आहे’ एवढाच नव्हता. कथेने आपलाच पुरावा ऐकून घेतला नाही, ही त्यांची तक्रार होती.

कंपनीने काय केले?

चाहत्यांनी शेवट बदलण्यासाठी मोहीम उघडली. आपण केवळ तक्रारखोर नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ संस्थेला ८० हजार डॉलरहून अधिक देणगी जमवून दिली. एकाने तर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे फसव्या जाहिरातीची तक्रार केली. कलाकृतीचा शेवट चाहत्यांच्या दबावाखाली बदलणे धोक्याचे आहे, असे म्हणणारेही बरेच होते.

२१ मार्च २०१२ रोजी बायोवेअरचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी जाहीर निवेदनातून चाहत्यांच्या भावनांची दखल घेतली. जूनच्या अखेरीस शेवटाची विस्तारित आवृत्ती मोफत देण्यात आली. तीत रिले दुरुस्त होण्याजोगे दाखवले, सोबत्यांचे आणि प्रजातींचे भवितव्य सांगितले आणि चौथा पर्यायही दिला, तिन्ही मार्ग नाकारण्याचा. तो निवडला तर रीपर जिंकतात. मूळ तीन पर्याय मात्र कायम राहिले.

वाचकांच्या दबावाला कथाकाराने मान तुकवणे नवे नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३मध्ये शेरलॉक होम्सला मारले आणि १९०३मध्ये परत आणले. पण होम्सच्या वाचकाने होम्सचे निर्णय घेतले नव्हते. शेपर्डचे निर्णय खेळाडूने घेतले होते. त्यामुळे कथा कुणाची, या प्रश्नाला इथे वेगळीच धार आली.

निर्णयांचा खराखुरा हिशेब ठेवणे इतके कठीण का?

साधे गणित पाहा. दोन पर्यायांचे दहा निर्णय असले तरी १,०२४ वेगवेगळ्या वाटा तयार होतात. प्रत्येकीसाठी संवाद लिहिणे, ध्वनिमुद्रण करणे आणि दृश्ये घडवणे कुठल्याही कंपनीला परवडणारे नाही. म्हणून लेखक वाटा फाटू देतात आणि थोड्या अंतराने पुन्हा एकत्र आणतात.

‘मास इफेक्ट’मध्येही तेच आहे. पहिल्या भागात दोनपैकी एका सहकाऱ्याला वाचवावे लागते. जो वाचतो तो पुढे साधारण तीच भूमिका बजावतो. सिटाडेलवरचे सत्ताधारी मेले तर त्यांच्या जागी नवे येतात. रॅक्नाय या कीटकसदृश प्रजातीची राणी पहिल्या भागात मारली, तरी तिसऱ्या भागात रीपरांनी बनवलेली दुसरी राणी त्याच गुहेत भेटते. तीन भागांपर्यंत ही तडजोड खपून गेली, कारण पुढचा भाग यायचा असायचा. शेवटच्या भागाला ती सवलत नव्हती.

आता पुढे काय?

मार्च २०१७मध्ये आलेल्या ‘मास इफेक्ट : अँड्रोमेडा’ने हा प्रश्न सरळ टाळला. त्यातली माणसे तिसऱ्या भागाच्या घटनांपूर्वीच निघतात आणि ६०० वर्षांहून अधिक काळ शीतनिद्रेत घालवून दुसऱ्या दीर्घिकेत पोहोचतात. शेपर्डने काय निवडले, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नाही. मे २०२१मध्ये मूळ तीन भाग ‘लिजंडरी एडिशन’ म्हणून सुधारित रूपात आले. शेवट विस्तारित आवृत्तीचाच ठेवला गेला.

डिसेंबर २०२०मध्ये पुढच्या भागाची पहिली झलक दाखवण्यात आली. तीत शेपर्डची जुनी सहकारी लियारा बर्फाळ प्रदेशात एका चिलखताचा तुकडा उचलताना दिसते. म्हणजे ही कथा मूळ तीन भागांनंतरची असणार, असा तर्क तेव्हापासून केला जातो. तसे असेल तर अँड्रोमेडासारखी पळवाट उरत नाही. संगमाचा पर्याय खरा मानला तर सगळे सजीव अर्धे यंत्र झालेले असतील. विनाशाचा खरा मानला तर गेथ उरणार नाहीत. एक शेवट अधिकृत ठरवला की बाकीच्या खेळाडूंची कथा खोटी ठरते. सगळेच शेवट सांभाळायचे तर पुन्हा रंग तेवढे वेगळे आणि चव एकच, असे होण्याचा धोका आहे. कपकेकचा तो टोमणा बायोवेअरच्या लेखकांना अजून पुसता आलेला नाही.